एक अजून माघारी

या, असे पुढे सरका. पंख्याखाली बसलात तर वारा लागेल, पण गोष्ट कानाला लागायची नाही. चपला राहू द्या दाराशी, कोणी नेत नाही. आणि नेल्याच तर नेणाऱ्याला गरज असेल असं म्हणू. आज एका कीर्तनाची कथा ऐका. कीर्तन प्रभूचं, मृदंग कोकणातला, आणि गाव म्हणाल तर आपलं घाटकोपर. कथा पुरी आहे, कीर्तन मात्र अर्धंच उरलं आहे. ते पुरं का नाही केलं, हे ऐकाल तेव्हा कळेल.

घाटकोपरच्या टेकडीखाली एक लहानसं मराठी देऊळ आहे. देऊळ म्हणजे चर्च. पण आपली जुनी माणसं चर्चलाही देऊळच म्हणत आली. तिथे खिडकीकडेच्या बाकावर सुगंधाबाई बसतात. ऐंशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण गायनाला उभं राहायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी उभ्या. आवाज आता कापरा झालाय. मात्र एक खोड त्यांना कधीच सुटली नाही. गीताची ओळ सुरू होते तेव्हा त्या गप्प असतात, आणि अर्धी झाली की एकदम उचलतात. शेजारच्या बायका हसतात. म्हणतात, "सुगंधाबाईंची गाडी नेहमी अर्ध्या वाटेवर भेटते."

हसू द्या. ती खोड त्यांच्या वडिलांनी लावलेली.

वडील मार्तंड पाटोळे. ख्रिस्ती माणसाचं नाव मार्तंड कसं, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "माझ्या आजानं देव बदलला, आईनं ठेवलेलं नाव कशाला बदलू? प्रभू मला याच नावानं हाक मारतो, त्याची काही तक्रार नाही." नगरकडून मुंबईला आले, दिवसा दवाखान्यात कंपाउंडर आणि रविवारी संध्याकाळी कीर्तनकार. पांढरं धोतर, डोक्याला पागोटं, हातात चिपळ्या. बायबलातली कथा घ्यायची आणि आपल्या चालीवर, आपल्या अभंगात बांधून उभ्यानं गायची. सगळं तोंडी. कागदाला हात नाही. म्हणायचे, "लिहिलेलं कपाटात जातं, गायलेलं माणसात जातं."

कीर्तनात बुवांच्या मागे झीलकरी उभे असतात. बुवा ओळीचा पहिला चरण म्हणून थांबतात. दुसरा चरण मागचे उचलतात. त्यालाच झील धरणं म्हणतात. मार्तंडबुवांची झील धरायला त्यांची लेक उभी असे. दोन वेण्या, हातात झांजा, नजर बापाच्या मानेवर. मान जरा डावीकडे कलली की आपली पाळी.

आता ऐका कथा कुठे अडते ते.

स्वातंत्र्याला पंच्याहत्तर वर्षं व्हायची होती. गल्लीगल्लीत तिरंगे, सोसायट्यांत रांगोळ्या. देवळातही ठरलं की पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर कार्यक्रम करायचा: देशाच्या घडणीत आपल्या ख्रिस्ती मंडळींचा वारसा. पाळक नंदकुमार तरुण, उत्साही माणूस. भिंतीवर लावायला मोठे फलक छापायला टाकले. जुने छापखाने, शाळा, दवाखाने, दाढीवाले मिशनरी, सगळ्यांचे फोटो.

सुगंधाबाईंनी एकेक फलक चष्मा वरखाली करून पाहिला.

"पाळकसाहेब, सगळं छान आहे. माझे बाबा कुठे आहेत यात?"

"फोटो द्या आजी, लगेच लावतो."

"फोटो नाही."

"मग काही लिहिलेलं?"

"लिहीत नव्हते."

पाळकांनी डोकं खाजवलं. माणूस वाईट नाही, पण फलकाला काहीतरी चिकटवावं लागतं. "मग असं करा, त्यांचं एखादं आख्यान गा ना! दहा मिनिटं देतो. तुम्ही तर झील धरत होतात."

सुगंधाबाई दोन दिवस तरंगत होत्या. कुठलं आख्यान, हा प्रश्नच नव्हता. सत्तेचाळीस सालच्या त्या पंधरा ऑगस्टला, देवळापुढच्या अंगणात, गॅसबत्तीच्या उजेडात मार्तंडबुवा उभे राहिले होते. लोकांना वाटलं, आज मोशे, आज तांबडा समुद्र दुभंगणार, आज गुलामीतून सुटका! बुवांनी मात्र हरवलेल्या मेंढराची कथा लावली. धन्याची शंभर मेंढरं. एक हरवतं. नव्याण्णव सोडून धनी त्या एकाला शोधायला रानात जातो. बुवा म्हणाले, "आज सगळे घरी आलो असं वाटतंय ना? मोजून बघा. कोणाचं घर पलीकडे राहिलं, कोणी वाटेत राहिलं, कोणी पंगतीच्या बाहेर उभा आहे. मोजल्याशिवाय दार लावू नका." सात वर्षांची सुगंधा आईच्या मांडीवर होती. तिनं पाहिलं, टाळ्या वाजवायला आलेली माणसं डोळे पुसत होती.

पुढे दर वर्षी ऑगस्टात तेच आख्यान. आणि सुगंधा झांजा पेलण्याएवढी झाल्यापासून, झील तिची.

आता सुगंधाबाई गायला बसल्या आणि पहिल्याच ओळीला अडल्या. नात श्रुतिका समोर मोबाईल धरून रेकॉर्ड करत होती.

"म्हण ना आजी."

"काटे पायात रुतले…"

"ही सुरुवात आहे?"

"नाही गं. ही झील आहे. त्याच्या आधी बाबा म्हणायचे."

"काय म्हणायचे?"

सुगंधाबाईंनी ओठ हलवले. आठवत होती ती मान. डावीकडे कललेली मान, मानेवरचा घामाचा थेंब, पागोट्याचा सुटलेला पदर. शब्द नव्हते. पहिला चरण सुरू असताना त्या कधी ऐकतच नव्हत्या; त्यांचं सारं ध्यान आपली पाळी चुकू नये याच्याकडे.

"दिवा त्याच्या हाती जुना… खांद्यावरी आले घरा… एक अजून माघारी…"

नुसत्या झिली. जसं एखाद्यानं दारावर थाप मारावी, आतून कोणी "आले हं" म्हणावं, आणि आपल्याला मात्र थापच ऐकू येऊ नये.

"अगं, सोप्पंय," श्रुतिका म्हणाली. "यमक तर आहेच. रुतले, तर आधी सुटले, फुटले, काहीतरी. मी जुळवते ना. कोणाला कळणारे?"

पाळकांचंही तेच म्हणणं पडलं. "अर्धवट स्टेजवर कसं आणायचं, आजी? मीही मदत करतो. भाव तोच ठेवू."

सुगंधाबाई कोणाला कधी तोडून बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "बाबांच्या तोंडात मी माझे शब्द घालू? उद्या वर गेल्यावर ते म्हणतील, पोरी, मी हे कधी म्हणालो होतो?"

"मग नाव गाळू का कार्यक्रमातून?"

"रविवारपर्यंत थांबा."

थांबून काय होणार होतं? त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाबा गेलेले, आई गेलेली, ऐकणारे सगळे गेलेले. मनात एकच अंधुक आशा होती, आणि तीही जरा कडवट. लग्न होऊन त्या सोलापूरला गेल्या, तेव्हा त्यांच्या जागी कोणी दुसरी मुलगी झील धरायला उभी राहिली असणार. त्या मुलीला साठ वर्षं त्यांनी मनातल्या मनात पाहिलं होतं. कधी ती उंच असे, कधी बुटकी. पण झांजा नेहमी सुगंधाच्याच. त्या न पाहिलेल्या पोरीचा इतका मत्सर केला होता, की प्रार्थनेत क्षमा मागावी लागे. आता वाटलं, ती कुठे भेटली तर पाया पडेन. तिला तरी ऐकू आलं असेल.

शनिवारी दुपारी सुगंधाबाई कणीक मळत होत्या आणि मळता मळता गुणगुणत होत्या, "काटे पायात रुतले…" दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरची प्रियंका सावंत वाटीभर साखर मागायला आली आणि दारातूनच सुरात म्हणाली,

"एक वासरू चुकले!"

सुगंधाबाईंचे हात परातीतच राहिले.

"काय म्हणालीस?"

"अहो, तुम्हीच म्हणताय ना. एक वासरू चुकले, काटे पायात रुतले. आमच्या दहिसरच्या भजनातलं. माझे धोंडूआजोबा म्हणतात, गणपतीत. लहानपणापासून ऐकतेय."

"वासरू?"

"हो, वासरू. कृष्णाचं असेल. का, काय झालं? आजी, बसा बघू आधी."

"तुझे आजोबा… मृदंग वाजवतात?"

"अजून वाजवतात! डॉक्टर नको म्हणतो तरी."

धोंडू! कुर्ल्याच्या गिरणीत लागलेला तो मालवणकडचा पोरगा, मिसरूड फुटायच्या आतला. भजनी मंडळातला, पण देवळाबाहेरून जाताना कीर्तन ऐकलं आणि सरळ आत येऊन म्हणाला होता, "बुवा, तुमचो तबलजी तालात मार खातासा. माका बसू देवा." आणि बसला. पुढची कित्येक वर्षं, दर रविवारी. त्याचा देव वेगळा होता, ताल एकच. बुवांनी त्याला कधी बाप्तिस्म्याचं विचारलं नाही, त्यानं बुवांना कधी प्रसादाचं.

साखर न घेताच प्रियंका त्यांना घेऊन निघाली. श्रुतिकानं टॅक्सी बोलावली. दहिसरला, चेक नाक्याच्या अलीकडे, नदीच्या बाजूला अजून टिकून असलेली एक बैठी चाळ. एका बाजूला नवा टॉवर, एवढा उंच की चाळीला दुपारीच सावली. दारात खुर्ची टाकून एक वाळका म्हातारा बसला होता. मांडीवर मृदंग, आणि आवाज घुमावा म्हणून डाव्या तोंडाला तो कणीक लावत होता. 

सुगंधाबाई समोर उभ्या राहिल्या. ओळख सांगितली नाही. नुसतं म्हणाल्या, "दिवा त्याच्या हाती जुना."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं नाही. कणकेचा गोळा दाबता दाबता म्हणाला, "अर्धी मात्रा उशिरा. पहिल्यापासून तशीच तू." मग मान वर केली. "इलंस गे सुगंधा? किती वाट बघूक लावलंस."

"अरे धोंड्या, तुला कोणी सांगितलं मी येणार म्हणून?"

"कोणी नाय. पण झील इल्याशिवाय ओळ संपता काय?"

चहा झाला, खोबऱ्याच्या वड्या झाल्या. सुगंधाबाईंना धीर नव्हता.

"वासरू कुठून आणलंस रे? ते मेंढरू होतं!"

"आमच्या कोकणात मेंढरां खंय बघलंस? मी जन्मात मेंढरू बघूक नाय. बुवा मेंढरू म्हणत, माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गायचा वासरू येय. तां एकदा खराच हरवलेला, सड्यावरच्या कातळात. रात्रभर बापूस बत्ती घेऊन फिरलो. मग मी मंडळात म्हणताना वासरूच म्हटलंय. देव रागावलो नाय."

"आणि बाकीचं? दिवा त्याच्या हाती जुना, त्याच्या आधी काय?"

धोंडूनं डोळे मिटले. बोटं मृदंगावर हलली, आठ मात्रा, मंद, जणू कोणी रानात पाय टाकतंय. थांबली. मान हलवली.

"शब्द नाय गे. मृदंगवाल्याचो कान समेवर असता, शब्दांवर नाय. बुवा खंय श्वास घेयत, खंय गळो दाटे, ता सगळां हातात आसा. तोंडात नाय."

सुगंधाबाई खाली बसल्या. मग त्यांनी, साठ वर्षं जिभेखाली धरलेलं, विचारलं.

"माझ्यानंतर झील धरायला कोण होती? तिला येत असेल. कुठे असते ती?"

"कोण ती?"

"मी सोलापूरला गेल्यावर. माझ्या जागी."

धोंडूनं मृदंग मांडीवरून खाली ठेवला.

"कोण नव्हती. तुका म्हायत नाय? तुझा लगीन झाला त्या साली ऑगस्टात बुवा उभे रवले. देऊळ भरलेला. 'नव्याण्णव आली दारी' म्हटल्यानी आणि मान कलती केल्यानी, सवयीन. मागे कोण नाय. आम्ही सगळे गप. मी ठेको धरून रवलंय, एक आवर्तन, दोन आवर्तनां. माका वाटला आता स्वतःच म्हणतीत. नाय म्हटल्यानी. लोकांका वाटला बुवा विसरले. मगे चिपळ्यो खाली ठेवल्यानी, हात जोडल्यानी, बसले. ता आख्यान परत कधी उभ्या केल्यानी नाय. बाकीची कीर्तनां केल्यानी, ह्यां नाय. मी एकदा इचारलंय. म्हणाले, 'धोंडू, ती ओळ अजून चालू आहे. मी थांबलोय.'"

त्या ऑगस्टात सुगंधाला यायचं होतं हो. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सोलापूरहून निघणं झालं नाही. पुढच्या वर्षी येईन असा निरोप धाडला होता. मग लेकरं, शाळा, संसार. माहेरी आल्या त्या कधी दिवाळीत, कधी मे महिन्यात, ऑगस्टात नाही. बाबांनी कधी शब्द काढला नाही. आणि काही वर्षांनी बाबा गेले; सुगंधाबाई कायमच्या मुंबईला परतल्या त्या त्यानंतर. त्या न पाहिलेल्या मुलीवर आयुष्यभर जळत राहिलेली ही बाई, आणि ती जागा तर कोणी घेतलीच नव्हती! रिकामी होती. त्यांच्याच नावानं रिकामी होती.

श्रुतिकानं आजीचा हात धरला. आजी रडत नव्हती. ती नुसती धोंडूच्या मृदंगाकडे बघत होती.

"येशील घाटकोपरला?" त्यांनी विचारलं. "पंधरा ऑगस्टला. देवळात."

"सून सोडूची नाय."

"तिला मी सांगते," प्रियंका म्हणाली. "मामीला आंबोळ्या करून घालते, विरघळेल."

पंधरा ऑगस्ट. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, लाडू वाटले गेले. आत भिंतीवर फलक. छापखाने, शाळा, दाढ्या. पाळकांनी सुगंधाबाईंना आणि त्यांच्यासोबत आलेल्या धोंडूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "आजी, सगळं सापडलं का?"

"दोन चरण सापडले."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे नाहीत. तसंच गाणार. आणि पाळकसाहेब, आधीच सांगते, त्यात एक वासरू आहे."

"वासरू? पण पवित्र शास्त्रात तर…"

"मेंढरू आहे, मला माहीत आहे. ते बाबांनी नगरहून आणलं होतं. हे मालवणातून आलंय. साठ वर्षं कोणी सांभाळलं ते बघा आणि मग नाव ठेवा."

पाळकांनी एकदा धोंडूकडे पाहिलं, कपाळाला गंध, डोक्याला टोपी, बाकाखाली काढून ठेवलेल्या चपला. मग स्वतःच उठून त्यांनी वेदीसमोरची सतरंजी सरळ केली. "बसा आजोबा. काय लागेल?"

"वायच कणीक. घरची सुकली."

जेवणाचं बघणाऱ्या शेवंतीबाईंनी मागच्या स्वयंपाकघरातून पुऱ्यांच्या कणकेतला गोळा आणून दिला. धोंडूनं तो लावला, थाप मारून पाहिली, आणि सुरुवात झाली.

पहिल्या चरणाच्या जागी कोणी गायलं नाही. नुसता मृदंग वाजला. रानात चाललेली पावलं, मध्येच थांबलेली, कान देऊन ऐकणारी. बुवा जिथे श्वास घेत तिथे मृदंगानं श्वास घेतला. आठ मात्रा झाल्या आणि सुगंधाबाईंनी, अर्धी मात्रा उशिरा, उचललं: "दिवा त्याच्या हाती जुना."

बाकांवर चुळबुळ झाली. कोणीतरी पुटपुटलं, माईक बंद पडलाय वाटतं. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा कोणी पुटपुटलं नाही. लोकांच्या ध्यानात आलं की तिथे कोणीतरी उभं आहे, ज्याची जागा ठेवलेली आहे. भिंतीवर त्याचा फोटो नाही, पण त्याच्यासाठी आठ मात्रा सोडल्या आहेत.

मग धोंडूनं आपल्या फाटक्या आवाजात "एक वासरू चुकले" म्हटलं आणि देवळातली पोरं फिसकन हसली, आणि सुगंधाबाईही हसत हसतच म्हणाल्या, "काटे पायात रुतले."

शेवटी धोंडूचे हात मंदावले. त्यानं मान वर केली, आणि कोण जाणे कसं, साठ वर्षांपूर्वीची ती मान त्याला आठवली असावी. त्यानं आपलीही मान डावीकडे कलती केली.

"नव्याण्णव आली दारी…"

थांबला. ठेका चालू. एक आवर्तन गेलं.

सुगंधाबाईंनी झील उचलली नाही. दुसरं आवर्तन सुरू झालं. श्रुतिका जागेवरून अर्धी उठली, तिला वाटलं आपण म्हणावं, मग बसली. ही ओळ तिची नव्हती.

आणि मग, खिडकीकडे तोंड करून, जणू बाहेरच्या अंगणात कोणी ताटकळत उभं आहे त्याला ऐकू जावं अशी, सुगंधाबाईंनी झील दिली:

"एक अजून माघारी."

त्यांनी पुन्हा म्हटलं. मग सबंध देवळानं म्हटलं, आणि म्हणताना लोक दाराकडे बघत होते. पाळक नंदकुमार शेवटी प्रार्थनेला उभे राहिले, तेव्हा त्यांनी ते दार लावू दिलं नाही. बाहेरचा रिक्षांचा आवाज, मुलांचा गलका, सगळं आत येत राहिलं.

श्रुतिकानं नंतर एकदाच विचारलं, "आजी, आता तरी बाकीचे चरण मी लिहू?"

"नको गं. राहू दे ती जागा. कोणाच्या तरी तोंडात असतील. एखाद्या दिवशी कोणीतरी साखर मागायला येईल."

तर मंडळी, कथा इथे थांबते. आता उठाल, घरी जाल, ताटं मांडाल, दाराची कडी लावायला हात वर जाईल. त्या वेळी क्षणभर थांबा. मार्तंड पाटोळे नावाच्या एका बुवांची आठवण काढा. त्यांचा फोटो कुठे नाही, लिहिलेलं अक्षर नाही. एवढंच की एका ओळीच्या मध्यावर ते लेकीसाठी थांबले होते. त्यांची आठवण काढा, घरातली माणसं मोजा, आणि मगच कडी लावा.